आईच्या यकृतातली पाण्याची गाठ, मेंढरं आणि राखणीचं कुत्रं

प्रश्न : आम्ही आटपाडी तालुक्यातले. घरची मेंढरं आहेत. दिवाळीनंतर वाळवा-पलूसकडं उसाच्या पट्ट्यात उतरतो, मिरगाच्या तोंडाला परत येतो. आईच्या पोटात उजव्या अंगाला दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली, तर यकृतात आठ सेंटिमीटरची पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ही हायडॅटिडची गाठ, कुत्र्यामुळं होते. आता भावकीतले म्हणतात, कुत्री लांब नेऊन सोडा आणि मटण बंद करा. वाड्यावर दोन कुत्री आहेत, नुकतंच एक पिल्लूही आणलंय. बहिणीला सातवा महिना आहे, ती बाळंतपणाला आमच्याकडंच येणार. हे खरंच कुत्र्यापासून होतं का? यावर कुणी संशोधन करतं का? करत असतील तर आम्हाला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?

उत्तर :

कुत्री सोडू नका. बाकी सगळं सविस्तर सांगतो, पण हे आधी, कारण भावकीनं घोर लावला की माणूस एका रात्रीत निर्णय घेऊन मोकळा होतो. कुत्री जिथं सोडाल तिथं ती पोटातले जंत घेऊनच जातील. आणि मेंढरांच्या वाड्याला राखणीवाचून भागत नाही, म्हणजे पंधरा दिवसांत दुसरं कुत्रं येणार. त्याच्या पोटात काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नसणार.

मी जनावरांचा डॉक्टर. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकलो आणि पुढची सत्तावीस वर्षं माण, खटाव, आटपाडी, जत याच दुष्काळी पट्ट्यात काढली. तुमच्या आईच्या गाठीवर उपचार माणसांचे डॉक्टर करतील. ती गाठ आली कुठून आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ती होऊ नये म्हणून काय करायचं, हे मात्र माझ्या कामाचं आहे.

डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. हा जंत कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. आकारानं अगदी बारीक, दोन ते सात मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून फार मोठा नाही. एका कुत्र्यात असे हजारो असू शकतात आणि तरीही कुत्रं ठणठणीत दिसतं, भाकरी खातं, भुंकतं, राखण करतं. त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. गवतावर, पाणवठ्यावर, वाफ्यातल्या मेथी-कोथिंबिरीवर, कुत्र्याच्या स्वतःच्या अंगावरच्या केसांना ती चिकटून राहतात. चरताना मेंढीच्या पोटात गेली की अंड्यातून अळी सुटते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर आधी यकृतात पोचते. तिथून निसटली तर फुप्फुसात. जिथं अडकेल तिथं तिची पाण्याची गाठ होते. ती मेंढी मेली किंवा कापली आणि ते यकृत, ते फुप्फुस कुत्र्याच्या तोंडी लागलं की पुन्हा कुत्र्याच्या पोटात जंत.

या फेऱ्यात माणसाचं काही काम नाही. माणूस यात चुकून सापडतो. मेंढीसारखीच त्याच्याही पोटात अंडी जातात आणि मेंढीसारखीच गाठ होते. पण माणसाचं यकृत कुत्रं खात नाही, त्यामुळे जंताच्या दृष्टीनं तो शेवटचा मुक्काम. तुमच्या आईपासून तुम्हाला हा रोग होणार नाही. तिच्या ताटात जेवा, तिच्या शेजारी झोपा.

म्हणून डॉक्टरांचं वाक्य मी असं पुरं करतो : गाठ कुत्र्यामुळे होते, आणि कुत्र्याला जंत आपण देतो.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण मनात बसलं ते एका सकाळी. माण तालुक्यातल्या एका वाड्यावर म्हातारी मेंढी रात्रीत मेली म्हणून मला बोलावलं होतं. आंत्रविषार असावा अशी सगळ्यांना भीती. मी तिथंच, बांधावर, मेंढी उघडली. फुप्फुसं बाहेर काढली तर हाताला ती फुप्फुसं वाटेनात. निम्म्याहून जास्त भाग गाठींनी भरलेला. काही बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या, एक तर चांगल्या पेरूएवढी, वरून पांढुरकी आणि दाबली की टणक. त्या मोठ्या गाठीला सुरीचं टोक लावलं तशी पाण्याची बारीक धार उडाली. पाणी नितळ. आत दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा होता, तो हातावर घेतला तर लिबलिबीत, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. उरलेलं पाणी काचेच्या बाटलीत धरलं आणि उन्हाकडे केलं. दोन-तीन मिनिटांत तळाला बारीक पांढरी वाळू बसली. त्या वाळूचा एकेक कण म्हणजे एकेका जंताचं तयार डोकं. आकडे आत ओढून घेतलेलं, कुत्र्याच्या आतड्याची वाट बघणारं. एका गाठीत अशी हजारो. मी मान वर केली तर दोन पावलांवर वाड्याचं कुत्रं बसलेलं, जीभ बाहेर. मेंढपाळाच्या घरच्या बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं बघून झालं असलं तर टाका की त्याला. बिचारं रात्रभर राखतंय."

त्या बाईंच्या बोलण्यात माया होती आणि हिशेबही होता. जे आपण खात नाही ते कुत्र्याला द्यायचं, वाया घालवायचं नाही. त्या माउलीला चूक म्हणायला माझी जीभ रेटेना. पण त्या दिवशी मी फुप्फुस टाकलं नाही. कमरेएवढा खड्डा खणून घेतला, चुनकळी टाकली, वर दगड रचले. दगड महत्त्वाचे, नुसत्या मातीवर कुत्रं तासाभरात उकरतं.

आता तुमच्याकडे काय बघायचं ते सांगतो, कारण यात एक गफलत नेहमी होते. मेंढी कापल्यावर वजडीच्या पडद्याला, चरबीच्या जाळीला पाण्याची एक पातळ पिशवी लोंबताना तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. आत पाणी आणि एकच पांढरा ठिपका, मानेसारखा. ती वेगळ्या टेपवर्मची, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या जंताची. तोही कुत्र्यातलाच, पण माणसाला त्याची बाधा होत नाही. हायडॅटिडची गाठ लोंबत नाही. ती यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या मांसात रुतलेली असते, तिची भिंत जाड असते आणि ती सोलून निघत नाही. मेंढी एकाच बाजूला गरगर फिरायला लागते, मान वाकडी करते, तो तिसरा प्रकार. त्यातली गाठ मेंदूत असते आणि तिचं मूळही कुत्र्यातच. तिन्हींना रस्ता एकच, म्हणून उपायही एकच. कुत्र्याला कच्चं काही घालायचं नाही.

मटणाचं भावकीला सांगा की मटण खाऊन ही गाठ होत नाही. मेंढीतली गाठ माणसानं खाल्ली तरी त्याच्या पोटात जंत होत नाही, तो फक्त कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्याच आतड्यात वाढतो. माणसाला बाधतात ती कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगायची, कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते. केसानं गाठ होत नाही. पण केसाला चिकटलेल्या अंड्यानं होते, तेव्हा त्या म्हणण्याला मी कधी हसलो नाही. कुणीतरी पिढ्यानपिढ्या बघून ते जोडलेलं आहे.

बायकांना आणि मुलांना धोका जास्त, याचंही कारण कामातच आहे. कुत्र्याला भाकरी घालणं, वाडा झाडणं, कोकरं सांभाळणं, त्याच हातानं पीठ मळणं हे बायकांकडे. पिल्लांशी लोळणं मुलांकडे. आणि कोवळ्या वयाच्या कुत्र्यांत हे जंत जास्त सापडतात.

तुमच्या आईला लागण कधी झाली असेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. गाठ कधी वर्षाला काही मिलिमीटर वाढते, कधी काही सेंटिमीटर. आठ सेंटिमीटर व्हायला पाच-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. कदाचित ज्या कुत्र्यापासून आली ते आज जिवंतही नसेल. म्हणून आजच्या दोन कुत्र्यांवर राग काढण्यात अर्थ नाही.

उपचाराबद्दल माझ्या हद्दीत राहून तीनच गोष्टी. पहिली, सोनोग्राफीवरून या गाठीच्या पाच अवस्था जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवल्या आहेत, जिवंत पाण्याच्या गाठीपासून चुना साचून मेलेल्या गाठीपर्यंत. कुणाला नुसती गोळी, कुणाला सुईनं पाणी काढून आत औषध सोडून परत ओढून घेणं, कुणाला ऑपरेशन, आणि मेलेली गाठ असेल तर फक्त दर काही महिन्यांनी तपासणी. शेजारणीचं ऑपरेशन झालं म्हणून आईचंही होईल, असं नाही. दुसरी, ही गाठ गळू समजून कुठल्याही दवाखान्यात सुई मारू देऊ नका. आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी अॅलर्जी होऊ शकते, आणि सांडलेल्या वाळूतून पोटभर नव्या गाठी उगवतात. ज्यांना या कामाचा हात आहे, जे आधी गोळ्या सुरू करून, पूर्ण तयारीनिशी हे करतात, त्यांच्याकडेच जा. आपल्या भागाला मिरज आणि कराड जवळ आहे, मोठी सोय आहे.

तिसरी गोष्ट मला जास्त घाबरवते. आईला बहुतेक अल्बेंडाझोलची गोळी सुरू करतील, महिनोन्महिने. तुमच्या वाड्यावर मेंढरांच्या जंताची जी बाटली असते तिच्यावरही बहुधा हेच नाव असतं. पैसे वाचवायला ती बाटली माणसाला पाजलेली मी पाहिली आहे. अजिबात नको. माणसाला हे औषध वजनावर ठरवून, जेवणाबरोबर, मध्ये मध्ये यकृताची आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी करून देतात. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी एक गोळी आणि ही, नाव एक असलं तरी उपचार वेगळे. एका गोळीनं ही गाठ हलतसुद्धा नाही.

आता कुत्री. या जंतावर चालणारं औषध म्हणजे प्राझिक्वांटेल, कुत्र्याच्या दर किलो वजनाला पाच मिलिग्रॅम. बाजारात साधारण दहा किलोला एक अशी गोळी मिळते. गोचीड-खरजेसाठी तुम्ही जे आयव्हरमेक्टिन टोचून घेता त्यानं हा जंत मरत नाही. कुत्र्याला सुई दिली म्हणजे जंताचं झालं, असं समजून कित्येक वाडे निर्धास्त असतात. सुरुवातीची काही वर्षं मीही वाड्यावर कुत्र्यांना तेवढंच देऊन पुढं जात होतो. वेळ कमी असायचा, मेंढरं जास्त. कुत्रं हे औषधाचं जनावर आहे, असं तेव्हा कुणी मानत नव्हतं, आणि मी ते बदलायला हवं होतं. ती माझी चूक मी अजून विसरलेलो नाही.

गोळी किती दिवसांनी, याचं उत्तर जंताच्याच वयात आहे. कुत्र्यानं गाठ खाल्ल्यापासून जंत मोठा होऊन अंडी टाकायला लागेपर्यंत साधारण सहा ते सात आठवडे जातात. त्याआधी गोळी पोटात गेली तर अंडं पडतच नाही. म्हणून दर पंचेचाळीस दिवसांनी. तुम्हाला कॅलेंडर बघायची गरज नाही. एका अमावस्येला गोळी दिली की पुढची अमावस्या सोडून तिच्यानंतरच्या पौर्णिमेला दुसरी. मग त्या पौर्णिमेनंतरची पौर्णिमा सोडून पुढच्या अमावस्येला तिसरी. तीन पंधरवडे, चव्वेचाळीस दिवस, बरोबर बसतं. मेंढपाळाला तिथी पाठ असतात, तारीख नसते, म्हणून मी नेहमी असंच सांगतो, आणि ते लक्षात राहतं.

वजन करायला कुत्र्याला उचलून स्वतः काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. गोळी नुसती घातली तर कुत्रं गालात धरून मागं टाकून येतं. शिजवलेल्या कलेजीच्या तुकड्यात दाबून द्या आणि गिळेपर्यंत तिथंच थांबा. गोळी जंताला मारते, अंड्यांना नाही. म्हणून दिल्यानंतर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं, त्याची विष्ठा फावड्यानं गोळा करून जाळायची किंवा खोल गाडायची, आणि हात साबणानं चोळून धुवायचे. हाताला लावायचं सॅनिटायझर किंवा फिनेल या अंड्यांना मारत नाही. त्यांना मारते ती उष्णता आणि कोरडेपणा. उकळतं पाणी, भर उन्हाची धग. आपल्या वैशाखात उघड्या रानात ती फार तगत नाहीत, पण उसाच्या सावलीत, पाटाच्या कडेला ओलीत, महिनोन्महिने टिकतात. तुमचा वाडा निम्मं वर्ष तशाच जागी बसतो.

मेंढरू कापलं तर फुप्फुस आणि यकृत पाहा. गाठी असतील तर गाडा. गाठ दिसली नाही तरी कुत्र्याला घालायचं ते अर्धा तास खळखळ उकळून. एवढं सरपण नसेल तर घालूच नका, भाकरी वाढवा.

इथं एक बारकावा आहे, जो मला बरीच वर्षं कळला नव्हता. जत्रेला, कंदुरीला, आखाडात आपण कापतो ती बकरी-बोकडं वयानं लहान, वर्षा-दीड वर्षाची. त्यांच्यात गाठ असली तरी बारीक असते, बहुतेकदा आत वाळू धरलेली नसते. खरी भरलेली गाठ असते म्हाताऱ्या मेंढीत, जिनं सहा-सात वर्षं रानोमाळ चरून काढली आहेत. आणि म्हातारी मेंढी शक्यतो कापली जात नाही. ती वाटेत मरते. घाटात, कॅनॉलच्या कडेला, रात्रीच्या तळावर. सकाळी वाडा पुढं निघतो आणि ती मागं राहते, गावातल्या मोकाट कुत्र्यांना. तुमच्या वाड्यातल्या जंताचा माग काढायचा तर जत्रेपेक्षा त्या वाटेवर जास्त सापडेल. म्हणून वाटेत मेलेल्या मेंढीला खड्डा हवाच. पाय दुखतात, निघायची घाई असते, जमीन परक्याची असते, हे सगळं मला माहीत आहे. निदान पोट आणि छाती फाडून यकृत-फुप्फुस तेवढं काढून गाडा. ते तासाभराचं काम आहे. सुरी आणि हात मात्र नंतर धुवा.

संशोधनाचं विचारलंत, त्यावर मी जरा रेंगाळतो, कारण तुमच्या "आम्हाला कुणी कसं सांगितलं नाही" याचं उत्तर त्यातच आहे.

कुत्रा आणि गाठ यांचा संबंध १८५० च्या दशकातच लागला. जर्मनीत फॉन सीबोल्ड यांनी जनावरांतल्या गाठी कुत्र्यांना खायला घातल्या आणि त्यांच्या आतड्यात जंत मिळवून दाखवले. १८६३ मध्ये क्राबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ आइसलँडला गेले. तो देश म्हणजे मेंढरं, कुत्री आणि घरोघर या गाठीचे रोगी. त्यांनी जे आढळलं ते साध्या भाषेत एका पुस्तिकेत लिहिलं आणि ती घरोघर वाटली गेली. गाठी जाळा किंवा गाडा, कुत्र्याला औषध द्या, त्याच्यापासून हात सांभाळा. लस नव्हती, सोनोग्राफी नव्हती. पुढच्या पिढीत रोग ओसरला आणि आज आइसलँड त्यातून मोकळा आहे. न्यूझीलंडला जास्त वेळ लागला. तिथं कुत्र्यांना अरेकोलिन पाजून जुलाब करवत आणि विष्ठेत जंत शोधत. हे अरेकोलिन म्हणजे आपल्या सुपारीतलंच द्रव्य. गावोगाव शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत कुत्र्याचे जुलाब धुऊन त्यातले जंत दाखवायचे, म्हणजे पटवायला वेगळं भाषण लागत नसे. २००२ मध्ये त्या देशानं आपण या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर केलं.

ती दोन्ही बेटं, आणि तिथला मेंढपाळ वाडा घेऊन गावोगाव हिंडत नाही. आपल्यासारखी भटकंती करणाऱ्यांचा दाखला हवा तर केनियातल्या तुर्कानांचा घ्यावा. तेही मेंढपाळ, वर्षभर हिंडणारे, आणि जगात या रोगाचं प्रमाण फार मोठं असलेल्यांपैकी. १९८० च्या दशकात तिथं संशोधक सोनोग्राफीचं यंत्र गाडीत घालून तळावर गेले. माणसं दवाखान्यात यायची वाट पाहिली नाही. ज्यांना काही त्रास नव्हता अशांच्या पोटातही गाठी निघाल्या. आपल्याकडच्या वाड्यांसाठी मला हीच पद्धत हवी आहे. दिवाळीनंतर वाडे निघायच्या आधी, आटपाडी, म्हसवड, जत इथल्या बाजाराच्या दिवशी, एक यंत्र आणि एक डॉक्टर, शेजारी जनावरांचा डॉक्टर कुत्र्यांच्या गोळ्या घेऊन.

महाराष्ट्रात काम झालंच नाही असं नाही. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी जनावरांतल्या गाठींची जनुकीय तपासणी करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात या जंताच्या मेंढीच्या वाणापेक्षा म्हशीचा म्हणून ओळखला जाणारा वाण जास्त निघाला. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की नुसत्या मेंढपाळाला सांगून भागणार नाही. गावाबाहेर मेलेलं म्हसरू उघड्यावर टाकणारा बागायतदारही या फेऱ्यात आहे. ज्याच्या उसात तुम्ही मेंढरं बसवता, त्याच्या म्हशीपासून तुमच्या कुत्र्याला जंत मिळू शकतो, आणि तुमच्या कुत्र्यापासून त्याच्या वाफ्यातल्या कोथिंबिरीला अंडी. दोष कुणा एकाचा काढता येत नाही.

दुसरं उदाहरण या जंताचं नाही, पण मला ते नेहमी धीर देतं. जनावरांतला सर्रा रोग तुम्हाला माहीत असेल, घोडा, उंट, म्हशीला होणारा, चावऱ्या माशांमुळे पसरणारा. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते त्या परजीवीला मारतं, म्हणून माणसाला तो होत नाही, असं आम्ही शिकलो होतो. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला सारखा ताप येत होता. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर कुणीतरी नीट डोळा लावून पाहिलं आणि तोच परजीवी हलताना दिसला. माणसात त्याची खात्रीनं नोंद झालेली ती जगातली पहिली केस. त्याच्या रक्तात ते संरक्षक प्रथिन कामाचं नव्हतं, हे पुढच्या तपासात कळलं. औषध जागतिक आरोग्य संघटनेकडून आणावं लागलं आणि तो बरा झाला. हा शोध आपल्या राज्यातल्या एका जिल्ह्यात लागला, कारण माणसांच्या डॉक्टरांनी जनावरांच्या रोगाचा विचार मनात येऊ दिला.

हायडॅटिडबाबत नेमकं तेच घडत नाही. गाठ निघते मिरजेला, कराडला, पुण्या-मुंबईला, ऑपरेशन थिएटरात. मेंढीतली गाठ दिसते खाटकाला, तो ती काढून टाकतो आणि पुढं जातो. कुत्र्यातला जंत कुणालाच दिसत नाही, त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा इतर टेपवर्मच्या अंड्यांपासून ओळखू येत नाहीत, त्यासाठी वेगळी चाचणी लागते. तिघांनी पाहिलेलं एका कागदावर कधी येत नाही. आणि लागण आणि निदान यांच्यात दहा वर्षं गेलेली असतात, त्यामुळे साथ आली असं कुणाला वाटत नाही, बातमी होत नाही. जगात कुठल्याही वेळी दहा लाखांहून जास्त माणसं या जातीच्या जंतांनी बाधित असतात, तरी तुमच्या आईला ते नाव आयुष्यात पहिल्यांदा सोनोग्राफीच्या खोलीत ऐकायला मिळालं. नागपूरला डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे रोग एकत्र बघायचे, ही त्यामागची कल्पना. माझी तिच्याकडून अपेक्षा साधी आहे : मिरजेत ऑपरेशन झालं की आटपाडीच्या जनावरांच्या दवाखान्याला कळावं.

मेंढीला देण्याची एक लसही आहे, ईजी-९५ नावाची. अर्जेंटिनात मेंढपाळांच्या भागात ती वापरून पाहिली गेली आहे. आंत्रविषार, पीपीआर या मेंढरांच्या रोगांच्या आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही, म्हणून आज तिच्या भरवशावर राहता येत नाही.

तोवर तुम्ही एक करा. घरातल्या सगळ्यांची एकदा पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या, वडिलांची आणि वाड्यावर राहणाऱ्या गड्याचीही. नुसती रक्ताची चाचणी पुरत नाही, गाठ असूनही ती कधी कधी काही दाखवत नाही. आईचे कागद नीट ठेवा. आणि पुढं मेंढी मेली, आत रुतलेली गाठ दिसली, तर न फोडता बरणीत मीठ घातलेल्या पाण्यात ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात द्या, कुठल्या रानात मेली ते सांगा.

बहिणीचं. तिनं बिनधास्त माहेरी यावं. या गाठीचा गर्भाला थेट संसर्ग होत नाही. तिची सोनोग्राफी होतच असेल, तेव्हा यकृतही बघा म्हणून सांगा, पाच मिनिटांचं काम. कच्ची मेथी, मुळा, काकडी धुऊन खावी आणि वाडा झाडायचं काम तिला देऊ नका. गरोदरपणात खरी काळजी घ्यावी लागते ती मांजराच्या विष्ठेची आणि अर्धकच्च्या मटणाची, कारण टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी त्यातून येतो आणि तो गर्भापर्यंत पोचतो. मटण हाडापासून सुटेल इतकं शिजवलेलं असावं, आणि कच्चं मटण तिनं कापू नये.

आणि पिल्लू. ते ठेवा. हायडॅटिडचा जंत घेऊन पिल्लू जन्मत नाही, तो त्याला आपण पहिलं कच्चं फुप्फुस टाकतो त्या दिवसापासून मिळतो. मात्र दुसरा एक गोल जंत त्याला आईच्या पोटातूनच आलेला असतो, आणि तो लहान मुलांच्या डोळ्याला इजा करू शकतो. पंधराव्या दिवसापासून तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला त्या जंताचं औषध द्यायचं, मग मोठ्या कुत्र्यांबरोबर गोळी सुरू करायची. तुमचं पिल्लू किती दिवसांचं आहे ते दवाखान्यात सांगा, मात्रा वजनावर ठरवतील. बाळ घरात येईपर्यंत दोन-तीन डोस होऊन जातील.